ॲप बंद झालं, आयडी चालू राहिला: तासगाव भागातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण तासगाव भागातल्या एका शेतकरी घरातलं आहे. मी सांगलीत रिटर्न भरायचं, नोटिशींना उत्तरं द्यायचं काम करतो, त्यामुळं या घराची कागदं माझ्या टेबलावर आली आणि बाकीचं सगळं कागदांच्या मागनं कळत गेलं. घरच्यांना विचारूनच लिहितोय. गाव आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, रकमा जवळपास त्याच आहेत. पोराला इथं नुसतं पोरगा म्हणतो, वडलांना आप्पा.

लिहायचं कारण असं की पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा आल्यापासनं लोकं दोनच गोष्टी विचारतात, खेळलं तर जेल होती का आणि ॲप परत कधी चालू होणार. या घराला जो फटका बसला तो या दोन्ही प्रश्नांत कुठंच येत नाही, आणि असली घरं आपल्या जिल्ह्यात एक-दोन नाहीत.

आधीचं

पोरगा सव्वीस वर्षांचा, बीकॉम, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कॉम्प्युटरवर बसतो, पगार १७,०००. घरची दीड एकर बाग. २०२३ च्या आयपीएलला मित्रांच्या नादानं फँटसी टीम, म्हणजे खऱ्या मॅचमधले खेळाडू निवडून पैशावर लावायची टीम, लावायला लागला, एंट्री ४९ रुपये, आणि पहिल्याच महिन्यात एका मॅचला ३८,००० लागले. टीडीएस कापून हातात आले ते त्यानं आईच्या हातात ठेवले, घरात पेढे वाटले. त्या ३८ हजारांनी या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं नंतरच्या कुठल्याही हरण्यानं केलं नाही असं मला आजही वाटतं, कारण पुढं दोन वर्षं आई प्रत्येक वेळी म्हणायची की त्याला जमतं की ते.

फँटसीला निदान मॅच लागते. रमीला काही लागत नाही, ती रात्री दोन वाजता पण चालू असती. २०२४ मध्ये तो रमीवर गेला आणि तिथनं खाली घसरला. मी त्याचं बँक स्टेटमेंट प्रिंट काढून पेनानं खुणा करत बसलो होतो, त्यातली एकच रात्र सांगतो. ११.४० ला ५००. १२.०५ ला ५००. १२.२० ला १,०००. १.१५ ला २,०००. मग १.३८ ला एका लोन ॲपकडनं ८,००० जमा आणि १.४१ ला त्यातले ५,००० परत गेमला. तीन मिनिटं. कर्ज मंजूर होऊन खात्यात येऊन टेबलावर जायला तीन मिनिटं, आणि शेजारच्या खोलीत आप्पा झोपलेले, पहाटे उठून औषध मारायला बागेत जायचं म्हणून.

ऑगस्ट २०२५ पर्यंतचा हिशोब लावला तर साधारण ७ लाख ९० हजार त्यानं ॲपांना भरले आणि ३ लाख २० हजार परत काढले. म्हणजे ४ लाख ७० हजार गेले. त्यासाठीची देणी अशी, आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण त्यावर १ लाख २० हजार, दुसऱ्या पतसंस्थेचं १ लाख ज्याला चुलते जामीन, लोन ॲपांचे ४५ हजार आणि गावातल्या एकाकडनं शेकडा दहानं महिन्याच्या व्याजावर ८० हजार. बाकीचा सगळा पगार.

जाता जाता कराचं सांगतो कारण खेळणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासनं भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे १०० रुपये टाकले की त्यातले जवळपास २२ रुपये पत्ता पडायच्या आधीच कराचे. कंपन्या बोनस देऊन ते झाकायच्या त्यामुळं पोरांना दिसायचं नाही. आणि जिंकलेल्या निव्वळ रकमेवर सरळ ३० टक्के, तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र नसलं तरी. आमच्या पोराचे २०२३-२४ ला जिंकलेले पैसे इन्कम टॅक्सच्या एआयएसला, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाची त्यांच्याकडं जी नोंद असते तिथं, दिसत होते आणि पुढच्या वर्षी तो एवढा हरला ते त्यातनं एक रुपया वजा होत नाही.

२२ ऑगस्ट

विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. सरकारनं त्यावेळी सांगितलेला अंदाज असा की देशात ४५ कोटी लोकं या पैशाच्या गेममध्ये वर्षाला २० हजार कोटींच्या आसपास घालवतात. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी अशा मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशाचे खेळ थांबवले. आमच्या पोराच्या ॲपवर पण मेसेज आला की कॅश गेम बंद, वॉलेटमधली शिल्लक काढून घ्या. शिल्लक होती २,३०० रुपये.

कायद्यातली मोठी गोष्ट ही की कौशल्य का नशीब हा वादच त्यानं बाजूला ठेवला. १९६८ साली सुप्रीम कोर्टानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं म्हटलेलं, त्याच आधारावर एवढी वर्षं हे सगळं चाललं. आता पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं ऑनलाईन खेळायचा कुठलाही खेळ बंदीत येतो, डोकं लागो नाहीतर नशीब. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे खेळ वेगळे ठेवलेत. मी हा कायदा मनापासनं योग्य मानतो. कंपन्यांचा रोजगार गेला, सरकारचा कर बुडाला हे सगळं खरं असेल, पण मी ती १.३८ आणि १.४१ ची एंट्री बघितलीय.

घरात सुटल्याची भावना होती. आप्पांना तोपर्यंत फक्त पतसंस्थेचं एक कर्ज माहीत होतं, ॲप बंद झालं म्हणल्यावर आईनं पोराला सांगितलं की आता आप्पांना बाकीचं काही सांगू नको, हळूहळू फेडू. यामागचं खरं कारण स्थळ. आमच्याकडं बागायतदाराच्या पोराला सुद्धा मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते ज्याच्या घरात लग्नाचा पोरगा आहे त्याला विचारा, त्यात पोरगा जुगारी आहे ही बातमी बाहेर गेली तर चार वर्षं कोणी दारात येणार नाही अशी भीती. त्यामुळं ना देण्यांची यादी झाली, ना पतसंस्थेत जाऊन बोलणं झालं, ना पोराला कुणी डॉक्टरकडं नेलं. तीन आठवडे पोरगा खरंच खेळला नाही. रात्री झोप लागायची नाही, चिडचिड, मोबाईल सारखा उघडायचा आणि ठेवायचा. घरच्यांना वाटलं टेन्शन आहे, जाईल. तो व्यसन सुटतानाचा त्रास होता आणि मदत करायला तेवढी चांगली वेळ परत येत नाही. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, नुसती वाईट सवय म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही हे.

आयडी

९ सप्टेंबरला आशिया कप सुरू झाला. भारत-पाकिस्तान तीनदा, १४, २१ आणि २८ तारखेला. एका मित्रानं व्हॉट्सॲप नंबर दिला, तिथनं आयडी मिळाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयडी म्हणजे बाहेरच्या कुठल्या तरी बेटिंग साईटचं युजरनेम आणि पासवर्ड. ना पॅन लागतं ना आधार. पैसे भरायला एजंट क्यूआर कोड पाठवतो, तो दर वेळी वेगळा, कधी कुठल्या मोबाईल शॉपीच्या नावाचा, कधी कुठल्या एंटरप्रायझेसचा, कधी चक्क बाईच्या नावाचं बचत खातं. तुम्ही पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकला की पॅनलला, म्हणजे तुमच्या आयडीच्या खात्यावर, तेवढे पॉइंट चढतात, वर पहिल्या वेळी बोनस. जीएसटी नाही, टीडीएस नाही, पोरांना वाटतं हे तर पहिल्यापेक्षा भारी. जिंकलात तर पैसे येतात ते पण अशाच कुणाच्या तरी खात्यातनं. आणि एजंटनं नंबर ब्लॉक केला तर तक्रार करायला दार नाही.

पहिल्या कंपन्यांच्या बाजूनं बोलायचं म्हणून नाही बोलत, पण फरक सांगितला पाहिजे. तिथं निदान केवायसी होती, स्टेटमेंट होतं, कापलेला कर सरकारकडं दिसत होता. इथं काहीच नाही. बाहेरच्या बेटिंग साईट कायद्याच्या आधीपण बेकायदा होत्या आणि आता पण आहेत, सरकार ब्लॉक करत असतं, नवीन पत्त्यावर परत उघडतात. कायद्यामुळं जी लोकं ॲप बंद झालं म्हणून थांबली त्यांचा खरंच जीव वाचला, आणि माझ्या ओळखीत अशी लोकं जास्त आहेत हेही लिहितो. पण ज्याला सवय लागून गेली होती, डोक्यावर देणं होतं आणि एका मॅचमध्ये सगळं फिटेल असं वाटत होतं तो या आयडीकडं गेला. आमचा पोरगा दुसऱ्या प्रकारातला.

सप्टेंबर संपेपर्यंत त्यानं आणखी ४१,००० घालवले. मध्ये एकदाच १२,५०० काढले. तेच महागात पडले.

खातं

ज्या खात्यात ते १२,५०० आले ते आप्पा आणि पोरगा यांचं जॉईंट खातं. पगाराचं खातं वेगळं होतं पण तिथं लोन ॲपवाल्यांचा ऑटो डेबिट लागत होता म्हणून त्यानं जिंकलेले पैसे इकडं घेतले. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी आप्पांनी कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा सौद्यात काढला, दर बरा मिळाला, अडत दुकानातनं १ लाख ८६ हजार याच खात्यावर आले. दुसऱ्या दिवशी आप्पा पैसे काढायला गेले तर काऊंटरवरची मॅडम म्हणाली, आप्पा, खात्यावर सायबरचा होल्ड आहे, निघणार नाहीत.

आप्पांना सायबर म्हणजे काय तेच कळेना. त्यांनी विक्रीची पट्टी काढून दाखवली, म्हणाले, हे बघा की माझ्या बेदाण्याचे आहेत, मी काय चोरी केलीय का. मॅडमनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस स्टेशनची विनंती होती.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या. लांब कुठंतरी कुणाची तरी फसवणूक होते, शेअर ट्रेडिंगच्या नावानं म्हणा नाहीतर डिजिटल अरेस्टच्या. तो १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करतो. गेलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या नावाच्या, भाड्यानं घेतलेल्या ज्या खात्यात पडले तिथनं पुढं कुठं कुठं गेले याची साखळी काढतात आणि साखळीतल्या खात्यांवर होल्ड टाकतात. आयडीवाले एजंट जिंकलेल्यांना पैसे देतात ते बऱ्याच वेळा अशाच खात्यांतनं. म्हणजे पोराला आलेले १२,५०० हे कुणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात, आणि जप्तीचा अधिकार पोलिसांना आहे, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. गेमिंग कायद्यात पोरावर काहीच गुन्हा नाही, तरी घराचं दिवाळीचं, बागेच्या छाटणीचं आणि मजुरांचं सगळं अडकलं.

त्या दिवशी संध्याकाळी घरात सगळं बाहेर पडलं. पाटल्या, चुलत्यांचा जामीन, सावकार, सगळं एकाच वेळी.

माझ्याकडं आले तेव्हा पोरानं एक अर्ज आधीच टाईप करून आणला होता, १२,५०० हे मित्रानं उसने घेतलेले परत दिले असं लिहून. मी तो फाडायला लावला. ज्याच्या खात्यातनं पैसे आले त्याला हा ओळखत नाही, एक फोन केला की उघडं पडणार, आणि मग साधा खेळणारा असलेला माणूस पुरावा लपवणारा दिसायला लागतो. आम्ही बँकेकडनं लेखी मागितलं, तक्रारीचा नंबर काय, पोलीस स्टेशन कुठलं, वादातली रक्कम नेमकी किती. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं अर्ज, त्यात खरं तेच, बेटिंग साईटवर जिंकलेले म्हणून आले, एजंटचा नंबर हा, चॅटचे स्क्रीनशॉट हे. सोबत अडत दुकानाची पट्टी, सातबारा, कोल्ड स्टोरेजची पावती, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मागणी एवढीच की होल्ड १२,५०० पुरता ठेवा, बाकी मोकळं करा. वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा असं काही हायकोर्टांनी म्हटलेलं आहे, केरळ हायकोर्टानं तर २०२३ ला, त्याचा उल्लेख केला.

दिवाळी गेली, दोनदा परत मेल केला, मग नोव्हेंबरमध्ये होल्ड १२,५०० वर आला आणि बाकीचे सुटले. यांचं नशीब चांगलं. उत्तरच येत नसेल तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करावा लागतो आणि तोही बऱ्याचदा जिथं गुन्हा आहे त्या राज्यात, म्हणजे जाण्या-येण्याचा आणि वकिलाचा खर्च आणखी.

कायद्यात हा पोरगा नक्की कुठं

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे सरकारनं पण स्पष्ट सांगितलंय. शिक्षा आहे ती खेळ पुरवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशाचे व्यवहार करू देणाऱ्याला परत तीन वर्षं आणि एक कोटी. पुरवणं आणि व्यवहार हे दोन गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

पण खेळणारा आणि पुरवणारा यांच्यातली रेघ फार बारीक आहे, आणि आपली पोरं ती नकळत ओलांडतात. कायद्यात नुसतं पुरवणं नाही, मदत करणं, चिथावणं, भुलवणं पण धरलंय. एजंटनं आमच्या पोराला सप्टेंबरअखेरीला दोन गोष्टी सुचवल्या होत्या. तीन मित्र जोडून दे, त्यांच्या हरण्यावर कमिशन देतो. आणि तुझं एखादं पडून असलेलं खातं एटीएम आणि सिमकार्डासकट दे, महिन्याला भाडं देतो. पोरगा दुसऱ्याला जवळजवळ तयार झाला होता, सावकाराचं व्याज भागेल म्हणून. दिलं असतं तर आज तो १२,५०० चा खुलासा देत बसला नसता, फसवणुकीत आरोपी म्हणून दुसऱ्या राज्यात उभा असता. घरात खेळणारं कुणी असेल तर बाकी काही नाही जमलं तरी ही दोन वाक्यं त्याच्या कानावर घाला, कमिशन घेऊ नको आणि खातं कुणाला देऊ नको.

मटक्यासाठी वापरतात तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहेच, तिथं अड्ड्यावर सापडलेला खेळणारा पण आरोपी होतो. त्यामुळं चार पोरं एकत्र बसून मॅचवर पैसे लावत असतील तर नवीन कायद्यात आपल्याला काही होत नाही या भरवशावर राहू नये.

देणी

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, हरलेले पैसे परत मिळणार का. नाही. वॉलेटमध्ये शिल्लक होती तेवढीच मिळाली. कर्जं पण जशीच्या तशी. पतसंस्थेला तुम्ही पैसे कशात घातले याच्याशी देणंघेणं नाही, हप्ते थकले की सहकार कायद्यातला १०१ चा वसुली दाखला काढणार आणि जामीनदाराच्या दारात पण येणार. इथं मला कायदा अपुरा वाटतो. खेळणारा हा बळी आहे असं सरकार म्हणतं, मग त्याच्या कर्जाच्या फेररचनेचं, उपचाराचं काहीतरी जिल्ह्यात ठेवायला पाहिजे होतं. नुकसान झालेल्या पिकाचा पंचनामा होतो, या नुकसानाचा होत नाही.

जे करता आलं ते केलं. चुलत्यांना घेऊन पतसंस्थेत गेलो, बेदाण्याच्या पैशातनं थकलेले हप्ते भरले आणि उरलेल्या कर्जाची मुदत वाढवून घेतली. लोन ॲपांपैकी एक कंपनी रिझर्व्ह बँकेकडं नोंद असलेली होती, तिच्याशी तडजोड झाली. दुसरं ॲप नोंदच नसलेलं, नातेवाईकांना फोन करून शिव्या देत होतं, त्याची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकली. पोराला सांगलीच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात नेलं, त्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर तो मराठीतनं बोलला, फुकट असतं ते. पहिल्यांदा जायला तयार नव्हता, आप्पा म्हणाले मी पण येतो, तेव्हा गेला. यूपीआय सध्या त्याच्या फोनवर नाही, पगाराचं खातं आईबरोबर जॉईंट केलंय.

सुप्रीम कोर्टानं ८ सप्टेंबर २०२५ ला या कायद्याविरुद्धच्या वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका स्वतःकडं घेतल्यात. निकाल कसाही लागला तरी या घरात ते ॲप परत येणार नाही असं पोरानं स्वतः सांगितलंय, आणि आयडीचा नंबर त्यानं माझ्यासमोर पोलिसांच्या मेलमध्ये लिहून दिलाय.

स्थळ एक आलं होतं. आप्पांनी मुलीच्या वडलांना पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. ते नाही म्हणाले. आप्पा म्हणतात, पुढच्यांना पण सांगणारच.

सावकाराचं अजून मिटलेलं नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि या माणसाकडं परवाना नाही. पोराचे दोन कोरे सही केलेले चेक त्याच्याकडं आहेत. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज दिलाय. गावातली लोकं आप्पांना सांगतायत की गावातला माणूस आहे, कशाला वाकडं घेता, पण आप्पा अर्ज मागं घ्यायला तयार नाहीत. महिन्याला ८,००० प्रमाणं बारा महिन्यांच्या एंट्र्या मी मोबाईलवरनं काढून अर्जाला जोडल्यात, ८०,००० च्या मुद्दलावर ९६,००० भरून झालेत आणि तो माणूस अजून मुद्दल पूर्ण बाकी आहे म्हणतो. चौकशीला तिघंही जाणार आहेत.